उच्च गणित आणि नगरचें शेत

नगर जिल्ह्यांतील एखाद्या सुशिक्षित घरांत मुलगा किंवा मुलगी गणित घेऊन बी.एस्सी. झाली, म्हणजे पेढे वांटून होण्याच्या आंतच एक प्रश्न ओसरीवर येऊन बसतो. मामा किंवा थोरले काका तो विचारतात, आणि विचारण्याची तऱ्हाहि ठरलेली असते : ‘‘आतां आणखी दोन वर्षें गणितच करून पुढें काय ? शेवटीं शाळेंत मास्तरकीच ना ?’’ मास्तरकी हा शब्द ज्या स्वरांत उच्चारला जातो तो स्वर बाजूस ठेवूं. पण प्रश्न रास्त आहे. मुलाचीं दोन वर्षें आणि घरचा पैसा यांचा हिशेब विचारण्याचा अधिकार वडील माणसांस नाहीं तर कोणास असावा ? फक्त ह्या प्रश्नाचें उत्तर बहुधा पुण्याच्या किंवा मुंबईच्या कचेऱ्यांकडे बोट दाखवून दिलें जातें. तें घराच्या मागील दारीं, बांधापलीकडच्या ज्वारींतहि सांपडतें, हें सहसा कोणी सांगत नाहीं.

प्रथम ह्या शिक्षणाची हकीकत थोडक्यांत पाहूं. पुणें विद्यापीठ 1949 सालीं सुरू होण्यापूर्वीं नगरच्या विद्यार्थ्यास पदवी मिळे ती 1857 सालीं स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाची. खुद्द नगर शहरांत अहमदनगर कॉलेज निघालें तें 1947 सालीं, डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांच्या प्रयत्नानें. त्याआधीं उच्च गणिताची आवड असलेल्या मुलास वळकटी बांधून पुण्याची वाट धरावी लागे. गणिताबद्दल महाराष्ट्रांत आदर नव्हता असें मात्र नाहीं. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 सालीं केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, तेव्हांपासून ‘रँग्लर’ हा शब्द घरोघरीं माहीत झाला. तरीपण ह्या आदरांत कौतुकाचा भाग मोठा होता. गणित म्हणजे बुद्धीची तालीम; तिचा व्यवहाराशीं संबंध शोधण्याची कोणास गरज वाटत नसे.

पुणें विद्यापीठानें 1953 सालीं गणित आणि संख्याशास्त्र यांचा एकत्र विभाग काढला, आणि त्याचे पहिले प्रमुख म्हणून प्रा. वसंत शंकर हुजूरबाजार यांस आणिलें. हे मूळचे कोल्हापूरचे. केंब्रिजला हॅरोल्ड जेफ्रीज यांच्या हाताखालीं त्यांनीं संशोधन केलें, 1960 सालीं तेथील मानाचें ॲडम्स पारितोषिक मिळविलें, आणि 1974 सालीं त्यांस पद्मभूषण हा किताब मिळाला. दोन्ही विषय एका छपराखालीं ठेवण्यांत योजकता होती. संख्याशास्त्राचा पाया गणितांत आहे. त्याचें कार्यक्षेत्र मात्र बाजारांत, इस्पितळांत, कारखान्यांत आणि शेतांत आहे. पुढें संख्याशास्त्राचा विभाग स्वतंत्र झाला. विद्यापीठाचें नांव 2014 सालीं सावित्रीबाई फुले पुणें विद्यापीठ असें झालें, आणि आपल्या जिल्ह्याचें नांव 2024 सालीं अहिल्यानगर झालें. परंतु जिल्हा त्या विद्यापीठाच्याच कक्षेंत आहे, आणि जिल्ह्यांतील महाविद्यालयांतूनहि एम.एस्सी.चे वर्ग चालूं लागल्यामुळें पूर्वींची वळकटी आतां प्रत्येकास बांधावी लागत नाहीं.

एम.एस्सी.च्या वर्गांत शिकवितात तरी काय ? गणिताकडे जाणाऱ्यास वास्तव संख्यांचें विश्लेषण, अमूर्त बीजगणित, संस्थिति, संमिश्र चलांचीं फलनें, अवकल समीकरणें हे विषय येतात. शाळेंत जें सूत्र पाठ केलें तें खरें कशावरून, हें येथें पहिल्यानें विचारलें जातें, आणि पुष्कळ हुशार मुलें पहिल्या सहामाहींत गांगरतात तीं ह्याचमुळें. वीस वर्षें उत्तर काढण्याची संवय झालेली असते. आतां उत्तर समोर असतें आणि सिद्धता मागितली जाते. संख्याशास्त्राकडे जाणाऱ्यास संभाव्यता, अनुमान, नमुना-पाहणीचें शास्त्र, प्रयोगांची आंखणी, अनेक चलांचें एकत्र विश्लेषण आणि संगणकाचें काम असा क्रम असतो. दोन वर्षांचा हा अभ्यास चार सत्रांत विभागलेला असतो. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणें चार वर्षांची पदवी घेणाऱ्यास पुढें एका वर्षांतहि एम.एस्सी. होतां येईल. त्यानंतर ज्यास प्राध्यापक व्हावयाचें त्यानें नेट किंवा सेट ही परीक्षा द्यावी, ज्यास संशोधन करावयाचें त्यानें पीएच.डी.चा मार्ग धरावा.

पदवी म्हणजेच गणित असा समज मात्र कोणी करून घेऊं नये. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे बी.एस्सी.च होते, एम.एस्सी. न होतां त्यांनीं 6174 ह्या संख्येचा जो गुण शोधून काढला तो आज जगभर त्यांच्या नांवानें ओळखला जातो. (चारहि आंकडे सारखे नसतील अशी कोणतीहि चार आंकडी संख्या घ्यावी, आंकडे उतरत्या व चढत्या क्रमानें मांडून वजाबाकी करावी, आणि हेंच पुनःपुन्हां करीत जावें, फार तर सात खेपांत 6174 हाताशीं येतें.) पण कापरेकर शतकांत एखादा. बाकीच्यांस पद्धतशीर शिक्षणाचीच वाट धरावी लागते.

आतां मागील दारच्या ज्वारीकडे येऊं. नगर जिल्ह्याचें सरासरी पर्जन्यमान सांगावयाचें तर वर्षास पांच-सहाशे मिलिमीटर असें सांगतात. आंकडा खोटा नाहीं. पण अकोले तालुक्याच्या पश्चिमेस कळसूबाईच्या पायथ्यापासून घाटघर-रतनवाडीपर्यंत हजारों मिलिमीटर पाऊस कोसळतो. भंडारदऱ्याचें धरण 1926 सालीं पुरें झालें तें त्याच पाण्यावर. त्याच जिल्ह्यांत पाथर्डी, कर्जत, जामखेड, पारनेर इकडील शेतकरी आकाशाकडे तोंड करून बसतो. प्रवरेच्या आणि गोदावरीच्या कालव्यांवर श्रीरामपूर-कोपरगांवचा ऊंस उभा आहे, आणि पन्नास कोसांच्या आंत दुष्काळी माळ पडलेला आहे. ह्या चौदा तालुक्यांची एक सरासरी काढली तर ती कोणत्या गांवास लागूं पडेल ? संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यास नमुना-पाहणीच्या पहिल्या धड्यांतच शिकवितात कीं, जेथें वस्तु इतकी विषम आहे तेथें आधीं तिचे सारख्या गुणाचे थर पाडावे, प्रत्येक थरांतून वेगळा नमुना घ्यावा, आणि मग बेरीज करावी. नगरचा शेतकरी हें शहाणपण पिढ्यान् पिढ्या जाणतो. तो ‘बागाईत’ आणि ‘जिराईत’ ह्यांचा हिशेब एका वहींत कधीं लिहीत नाहीं.

पूर्वीं पिकाचा अंदाज आणेवारीनें होत असे. सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक. गांवांतील जाणतीं माणसें व महसुलाचे कामगार शेतांवरून नजर टाकून आठ आणे, सहा आणे असें ठरवीत. नाणीं बदललीं तेव्हां आणेवारीची पैसेवारी झाली, आणि पन्नास पैशांच्या खालीं गांव गेलें तर टंचाईच्या सवलती, असा नियम महाराष्ट्रांत दीर्घकाळ चालला. केंद्र सरकारनें 2016 सालीं दुष्काळाची नवी संहिता केली, तेव्हांपासून पाऊस, जमिनींतील ओल, उपग्रहावरून दिसणारी हिरवळ अशा गोष्टीहि विचारांत घेऊं लागले. नजर-अंदाजाचा दोष उघड आहे. नजर ज्याची त्याची असते. सारा वसूल करणाऱ्याच्या डोळ्यांस पीक थोडें दाट दिसतें आणि सारा भरणाऱ्याच्या डोळ्यांस थोडें विरळ, आणि दोघेहि खोटें बोलत नसतात !

म्हणून नजरेच्या जागीं मोजमाप आणावें असा विचार निघाला. बिहार-ओरिसा प्रांतांत जॉन हबॅक नांवाच्या सनदी अधिकाऱ्यानें 1923 ते 1925 ह्या काळांत भाताचे लहान लहान तुकडे कापून उतारा मोजला. पुढें कलकत्त्यास प्रशांतचंद्र महालनोबीस यांनीं ताग व भात यांच्या मोठ्या पाहण्या केल्या. आणि 1940 च्या सुमारास ह्या कामांत एक मराठी माणूस पडला : डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यांतील बुध ह्या गांवीं 1911 सालीं त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गणित घेऊन ते पदवीधर झाले, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत त्यांनीं संख्याशास्त्राची डॉक्टरेट मिळविली, आणि परत आल्यावर ते भारतीय कृषि संशोधन परिषदेंत गेले. ‘गणित करून पुढें काय’ हा प्रश्न त्यांच्याहि घरीं कोणी विचारला असेलच.

सुखात्मे आणि महालनोबीस यांच्यामध्यें जो वाद झाला तो वरकरणीं पाहतां अगदीं क्षुल्लक गोष्टीवरून होता. कापावयाचा तुकडा केवढा असावा ? महालनोबीस यांच्या पक्षाचें म्हणणें असें कीं, तुकडे लहान घ्यावे. त्यांचें वर्तुळ चार-दोन फूट त्रिज्येचें असे. लहान तुकड्यास वेळ व खर्च थोडा लागतो, त्यामुळें तितक्याच पैशांत पुष्कळ ठिकाणीं जातां येतें. गणिताच्या दृष्टीनें हें बरोबर आहे. सुखात्मे यांनीं मात्र 1946 सालीं ‘नेचर’ ह्या विलायती नियतकालिकांत दाखवून दिलें कीं, लहान तुकड्यांवरून काढलेला उतारा वास्तवाहून पुष्कळ फुगतो. कारण साधें आहे. तुकड्याच्या कडेवर जें ताट उभें असतें तें आंत धरावें कीं बाहेर, असा संशय आला म्हणजे कापणाऱ्याचा विळा तें बहुधा आंत ओढतो. त्यांत लबाडी नसते. हाताची ती प्रवृत्तिच आहे.

हा दोष किती मोठा होतो हें कोणासहि घरीं पाटीवर करून पाहतां येईल. समजा, कापणारा प्रत्येक बाजूनें अवघे 5 सेंटिमीटर अधिक घेतो. वर्तुळाची त्रिज्या 60 सेंटिमीटर असेल तर ती 65 होते, आणि क्षेत्रफळ 17 टक्क्यांहून अधिक वाढतें. त्रिज्या 120 सेंटिमीटर असेल तर वाढ सुमारें साडेआठ टक्के. आणि तुकडा 10 मीटर लांब व 5 मीटर रुंद असेल तर तीच पांच सेंटिमीटरांची चूक अवघे 3 टक्के भरते. विळा तोच आणि चूक तीच. फरक तुकड्याच्या कडेचें त्याच्या क्षेत्राशीं जें प्रमाण आहे त्याचा. शिवाय लहान तुकडे कितीहि वाढविले तरी हा दोष जात नाहीं, कारण तो एकाच दिशेचा आहे. दोन्ही बाजूंस पडणाऱ्या चुका संख्या वाढविल्यानें एकमेकींस मारतात. एकाच बाजूस पडणाऱ्या चुका नुसत्या सांठत जातात. एम.एस्सी.च्या वर्गांत ‘विचरण’ आणि ‘अभिनति’ हे दोन शब्द शिकवितात त्यांतील भेद हाच. तो ज्यास समजला त्याचीं दोन वर्षें फुकट गेलीं असें म्हणवत नाहीं.

ह्या भेदाची किंमत आज रुपयांत होते. पंतप्रधान पीक विमा योजना 2016 पासून चालूं आहे. तिच्यांत बहुतेक मुख्य पिकांस महसूल मंडळ हें एकक धरलेलें असून, मंडळांतील पीक कापणी प्रयोगांवरून त्या वर्षाचा उतारा ठरतो. महाराष्ट्र सरकारनें 2025 सालीं ही योजना सुधारली तेव्हां नुकसानभरपाईचा मुख्य भार ह्या कापणी प्रयोगांवर ठेवला. आतां समजा, एका मंडळांत बाजरीचा उंबरठा उतारा हेक्टरीं 800 किलो ठरला आहे आणि खरा उतारा 600 किलो आला. तूट 200 किलोंची, म्हणजे चौथाईची. विमा हेक्टरीं 30,000 रुपयांचा असेल तर भरपाई 7,500 रुपये. पण कापतांना दहा टक्के अधिक धरलें गेलें तर कागदावर 660 किलो येतात, तूट 140 किलोंची होते, आणि भरपाई 5,250 रुपये. शेतकऱ्याच्या हातून हेक्टरीं 2,250 रुपये गेले, आणि ते कोठें गेले हें त्यास कोणी सांगूं शकत नाहीं. दहा टक्क्यांच्या मापचुकीनें भरपाईंतील तीस टक्के नाहींसे झाले. चूक उलट दिशेनें झाली तर सरकारी तिजोरीचें तसेंच नुकसान.

शेत निवडण्याचेंहि एक शास्त्र आहे. गांवकऱ्यांस वाटतें, साहेब आले आणि रस्त्याकडेचें बरें शेत पाहून कापून गेले. नियम तसा नाहीं. गांव, गट क्रमांक आणि शेतांतील जागा, हीं तिन्ही यदृच्छेनें, म्हणजे आंकड्यांच्या सोडतीनें, ठरावयाचीं असतात. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावर उभें राहून सोडतींत आलेल्या दोन आंकड्यांप्रमाणें लांबीकडे व रुंदीकडे मोजीत जावें, जेथें पोंचाल तेथें खुंटी ठोकावी. मग तेथें पीक भरघोस असो कीं खडकाळ टापू असो. खुंटी एक वीत इकडे सरकविली कीं सारें शास्त्र संपलें. महसूल, कृषि आणि जिल्हा परिषद ह्या तिन्ही खात्यांच्या माणसांकडे हें काम वांटलेलें असतें, आणि ऐन सुगींत, इतर कामांच्या गर्दींत, तें उरकावें लागतें. त्यांतील किती जणांस ही सोडत कशासाठीं हें कोणी समजावून सांगितलें असेल ? जो नियम समजत नाहीं तो जाचच वाटतो, आणि जाच टाळण्याकडे माणसाचा कल असतो.

मंडळास कापणी प्रयोग किमान दहा धरतात. दहा पुरेत काय ? शेताशेतांतील उताऱ्याचें प्रमाणविचलन 200 किलो आहे असें मानलें, तर दहा प्रयोगांच्या सरासरींत सुमारें 63 किलोंची प्रमाणचूक राहते. ती निम्मी करावयाची तर प्रयोग वीस करून भागत नाहीं. चाळीस करावे लागतात, कारण चूक संख्येच्या वर्गमुळानें कमी होते. म्हणजे खर्च चौपट. अचूकपणास किती पैसा मोजावा हा निर्णय मंत्र्यांचा आहे. पण चौपट खर्चानें नेमकें काय मिळेल हें त्यांस सांगणारा माणूस संख्याशास्त्र शिकलेलाच पाहिजे.

जिल्ह्यांतच, राहुरीस, 1968 सालीं स्थापन झालेलें महात्मा फुले कृषि विद्यापीठ आहे. ‘फुले वसुधा’, ‘फुले रेवती’ ह्या रब्बी ज्वारीच्या वाणांचीं नांवें नगरच्या शेतकऱ्यास पाठ आहेत. असा वाण बाहेर पडण्यापूर्वीं तो जुन्याहून सरस आहे हें ठरतें कसें ? एका वावरांत नवें बीं आणि शेजारच्या वावरांत जुनें पेरून नव्हे. कारण नवें चढलें तें बियाण्यानें कीं त्या वावरांतील काळ्या मातीनें, हें कोण सांगणार? इंग्लंडांत रोनाल्ड फिशर यांनीं रोथॅमस्टेडच्या शेतांवर 1919 पासून काम करीत ह्यावर जी तोड काढली, तिचें पुस्तक 1935 सालीं प्रसिद्ध झालें. समजा सहा वाण तपासावयाचे आहेत. जमिनीचे असे चार पट्टे पाडावे कीं एका पट्ट्यांतील माती शक्य तितकी सारखी असेल. प्रत्येक पट्ट्यांत सहाहि वाण पेरावे, पण कोणता वाफा कोणास तें सोडतीनें ठरवावें. एकूण 24 वाफे झाले. मग उताऱ्यांतील जो फरक दिसतो त्याची वांटणी करावी : इतका वाणांमुळें, इतका पट्ट्यांमुळें, आणि राहिलेला निव्वळ योगायोगाचा. वाणांचा फरक योगायोगाहून पुरेसा ठळक ठरला तरच वाण सरस. भावांच्या वांटण्यांत प्रत्येकास काळींतील तुकडा आणि माळावरचाहि तुकडा देण्याची जी चाल आहे तींतील न्यायबुद्धि हीच. ह्या विषयावर डॉ. विनायक गोविंद पानसे आणि डॉ. सुखात्मे यांनीं शेतकी-संशोधकांसाठीं लिहिलेलें इंग्रजी पुस्तक 1954 सालीं कृषि संशोधन परिषदेनें काढलें, आणि पुढें शेतकी महाविद्यालयांतून तें पिढ्यान् पिढ्या वापरलें गेलें.

तेव्हां ओसरीवरील काकांस उत्तर असें देतां येईल. गणितांत खरी गोडी असेल, सिद्धतेवांचून ज्यास चैन पडत नाहीं, त्यानें गणिताची एम.एस्सी. करावी, आणि मास्तरकी आली तर ती कमीपणाची मानूं नये. चांगल्या गणित-शिक्षकाचा दुष्काळ हा पावसाच्या दुष्काळाइतकाच जुना आहे. ज्यास माणसें, पिकें, रोग, बाजार यांच्याबद्दल कुतूहल आहे आणि धुळींत उभें राहण्याचा कंटाळा नाहीं, त्यानें संख्याशास्त्र घ्यावें. विमा कंपन्या, औषधांचे कारखाने, बँका आणि सरकारी सांख्यिकी खातीं ह्या विद्यार्थ्यांस घेतात, आणि संगणकाच्या धंद्यांत तर त्यांस मागणी आहेच. मात्र पदवीपुरतें पाठांतर करणाऱ्यास हे दोन्ही विषय निष्ठुर आहेत, हें काकांनींहि आणि पुतण्यानेंहि आधींच ध्यानांत घ्यावें. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षींच जो गणितास भिऊं लागला त्यास ‘आतां एवढें पुरें’ म्हणणें हीच माया.

सुखात्मे 1951 ते 1971 ह्या काळांत रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेतकी संघटनेंत सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते, आणि नंतर पुण्यास येऊन राहिले. तेथें त्यांचा दुसरा मोठा वाद झाला, तो पुण्याच्याच प्रा. वि. म. दांडेकर यांच्याशीं. दांडेकर व नीळकंठ रथ यांनीं 1971 सालीं दारिद्र्याची रेषा आंखतांना माणशीं दररोज 2,250 उष्मांक हें सरासरी मान धरलें होतें. सुखात्मे म्हणत कीं, सरासरी गरजेहून कमी खाणारा प्रत्येक माणूस उपाशीच असतो असें नाहीं, कारण माणसामाणसाची आणि एकाच माणसाची दिवसादिवसाची गरज निराळी असते. म्हणून रेषा सरासरीवर न ओढतां तिच्याहून पुष्कळ खालीं ओढली पाहिजे. दांडेकरांस हें मान्य नव्हतें. अशानें देशांतील उपाशी माणसें कागदावरच कमी होतील, अशी शंका ह्या मतावर घेतली गेली. दोघेहि गरिबांच्या अन्नाबद्दलच बोलत होते, आणि दोघांच्याहि हातीं शस्त्र एकच होतें : सरासरी, आणि सरासरीभोवतींचा पसारा. वर्षानुवर्षें लेख-प्रतिलेख चालले. ते समजून वाचावयाचे तर एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचें संख्याशास्त्र पुरेसें होतें.